लाल तार, निळी तार आणि जवाहरनगर

बॉम्ब निकामी करणाऱ्या तज्ज्ञाला नायक मानणाऱ्या थरारपटांत एक प्रसंग ठरलेला असतो: पडद्यावर आकडे उलटे मोजले जातात, नायकाच्या हाती पक्कड असते आणि लाल व निळ्या अशा दोन तारांपैकी नेमकी एकच त्याला कापायची असते. प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवण्यात या प्रसंगाचा हात कोणी धरणार नाही. मात्र व्यवसायाचे वर्णन म्हणून तो साफ चुकीचा आहे, कारण बॉम्बनाशकाची सारी बुद्धी आणि सारी साधने माणसाला बॉम्बपासून दूर कसे ठेवता येईल यासाठीच खर्च होत असतात. ज्या जिल्ह्यात स्फोटक तयार होते आणि ज्याच्या शेजारी ते रस्त्याखाली पेरले गेले, त्या भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने हा फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

बॉम्ब ही मुळात एक साखळी असते. पोलीस ज्याला 'आयईडी' म्हणतात, म्हणजे कारखान्यात न बनवता मिळेल त्या साहित्यातून जुळवलेले स्फोटक साधन, त्यात साधारणपणे विजेचा स्रोत, तो जोडणारी कळ, स्फोटप्रेरक (डिटोनेटर) आणि मुख्य स्फोटक असे दुवे असतात. स्फोटप्रेरकात लेड अझाइडसारखे 'प्राथमिक' स्फोटक अत्यल्प प्रमाणात भरलेले असते आणि ते ठिणगीने वा धक्क्याने तत्काळ फुटते. याउलट आरडीएक्स हे 'दुय्यम' स्फोटक असून ते तुलनेने शांत असते, इतके की त्यात बंधकद्रव्य मिसळून केलेले, मातीच्या गोळ्यासारखे हवे तसे वळणारे प्लास्टिक स्फोटक पेटवल्यास थोड्या प्रमाणात केवळ जळत राहू शकते. मात्र स्फोटप्रेरकाचा धक्का बसताच त्यातून जाणारी स्फोटलहर सेकंदाला आठ किलोमीटरहून अधिक वेग गाठते. म्हणूनच बॉम्बनाशकाचा प्रश्न कोणती तार कापावी हा नसून साखळीचा एखादा दुवा ती पेटण्याआधी बाजूला कसा काढावा, हा असतो.

मुंबईतील १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत तर तारेचा हा प्रश्नच पुष्कळ ठिकाणी उद्भवत नव्हता. त्या कटात पेन्सिल डिटोनेटर वापरले गेले होते; अशा नळीतील रसायन एक बारीक तार हळूहळू खाऊन टाकते, ती तुटली की आतला खटका सुटतो, आणि या सगळ्यात बाहेरून पाहणाऱ्याला ना घड्याळ दिसते, ना उरलेली मिनिटे. नायगाव क्रॉस रोडवर आरडीएक्स भरलेली स्कूटर सापडली आणि ती निकामी करण्यात आली, ती याच मालिकेत.

अंतर राखण्याची साधने गेल्या अर्धशतकात घडत गेली. ब्रिटिश लष्करातील पीटर मिलर यांनी १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधील बॉम्बसाठी विजेवर चालणाऱ्या ढकलगाडीच्या सांगाड्यापासून दूरनियंत्रित यंत्र तयार केले. भारतात डीआरडीओच्या पुण्याजवळील दिघी येथील संस्थेने 'दक्ष' हा रोबो विकसित केला, जो जिने चढतो, संशयित वस्तूचे क्ष-किरण चित्र घेतो आणि पाण्याची अतिवेगवान धार मारून साखळीचे दुवे फुटण्याआधीच विखरून टाकतो. तज्ज्ञाचा जाड पोशाख हा शेवटचा उपाय होय, आणि त्यातही बोटांची हालचाल मोकळी राहावी म्हणून हात बहुधा उघडेच ठेवावे लागतात.

कॅथरीन बिगेलो यांच्या 'द हर्ट लॉकर' (२००८) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाले. त्यातील इराकची धूळ, उष्मा आणि सततचा ताण खरा वाटतो. पण त्याचा नायक सुरक्षा पोशाख उतरवून ठेवतो आणि सहकाऱ्यांना डावलतो, यावर अमेरिकी माजी सैनिकांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे. बेफिकिरी हा या कामातला गुण कधीच नव्हता, आणि शौर्याला तिची जोड देणारा चित्रपट त्या कामाचा अपमान करतो.

विदर्भातील अनुभव तर याहून निराळा आहे. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळ जांभूळखेडा येथे नक्षलवाद्यांनी रस्त्याखाली पेरलेल्या स्फोटकाने शीघ्र प्रतिसाद पथकाचे १५ जवान आणि वाहनचालक ठार झाले. त्यांत भंडारा जिल्ह्यातील तरुणही होते. तेथे निकामी करण्याची वेळच आली नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ सोनेगाव येथे जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट होऊन सहा जण मरण पावले, आणि त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. स्फोटके नष्ट करताना दगावणारा माणूस असा बहुधा रोजंदारीवर पेट्या उचलणारा असतो, पण कोणत्याही थरारपटाने त्याला अजून नायक केलेले नाही.

भंडारा शहराजवळ राष्ट्रीय महामार्गालगत असलेला जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, जो २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे, स्फोटकाच्या या प्रवासाच्या अगदी पहिल्या टोकाशी उभा आहे. लष्कराला लागणारी स्फोटके व प्रणोदके, म्हणजे तोफगोळ्याला वा क्षेपणास्त्राला ढकलणारी जळाऊ द्रव्ये, तेथे बनतात. दुय्यम स्फोटक शांत असते याचा अर्थ ते निर्धोक असते असा मुळीच नाही. घर्षण, उष्णता, बंदिस्तपणा आणि साठ्याचे प्रमाण या चारही बाबी एकाच वेळी ताब्यात राहाव्या लागतात, आणि म्हणून अशा कारखान्यांत इमारती एकमेकींपासून लांब, मध्ये मातीचे बांध घालून उभारतात व एका जागी किती माणसे आणि किती माल असावा यावर मर्यादा घालतात. बॉम्बनाशकाचे जे तत्त्व, तेच येथील कामगाराचे: अंतर. फरक इतकाच की कामगाराला स्फोटकाजवळ दररोज, आठवड्यामागून आठवडे उभे राहावे लागते.

२४ जानेवारी २०२५ च्या सकाळी या कारखान्यातील 'एलटीपीई', म्हणजे कमी तापमानातही मऊ राहणारे प्लास्टिक स्फोटक बनवणाऱ्या विभागात स्फोट झाला. आवाज कित्येक किलोमीटर दूरच्या गावांत ऐकू गेला, इमारतीचे छत कोसळून कामगार ढिगाऱ्याखाली अडकले आणि त्यांतील आठ जण मृत्युमुखी पडले. त्या सकाळी कोणतेही घड्याळ उलटे मोजत नव्हते आणि कापायला कोणतीही तार नव्हती.