नवे घर घेताना : बांधकाम संहितेचे मोल



प्रस्तुत लेखक अभियंता नाही. मी कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. परंतु गेली काही वर्षे कर्ज विभागाच्या टेबलावर बसत असल्यामुळे नव्या घरांची कागदपत्रे रोज हाताखालून जातात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात स्वतःच्या नावावर पक्के घर घेणारी ही पहिलीच पिढी आहे. पै-पै साठवून, भविष्य निर्वाह निधी मोडून आणि वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊन आपण घर घेतो. मात्र घर पाहायला गेल्यावर फरशी, रंग आणि स्वयंपाकघराचा ओटा पाहून परत येतो. खरे घर त्या रंगाच्या आत असते. ते कसे असावे हे सांगणारे शास्त्र म्हणजे बांधकाम संहिता होय.

संहिता म्हणजे काय?

आपल्या देशात राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली निघाली. पुढे १९८३, २००५ व २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. पाया, सांगाडा, आग, जिने, लिफ्ट, वायुवीजन, पाणी, मलनिःसारण अशा सर्व बाबींचा तीत विचार आहे. ही संहिता स्वतः कायदा नव्हे. स्थानिक नियमावली जेव्हा तिचा आधार घेते तेव्हा ती बिल्डरवर बंधनकारक होते. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता उर्वरित महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. त्यापूर्वी गावोगावी निरनिराळे नियम होते.

संहिता वारंवार का बदलते, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. त्याचे उत्तर दुःखद आहे. प्रत्येक सुधारणेमागे कोठेतरी पडलेली घरे असतात.

भिंतीआडचे घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. हा भाग तोवर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. तेथील घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या आणि वर जड माळवद होते. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसल्याने थर सुटले व माळवद झोपलेल्या माणसांवर आले. पुढे २००२ साली नकाशा सुधारला गेला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला.

आर.सी.सी. इमारतीतही हीच गोष्ट वेगळ्या रूपाने असते. कॉलममधील उभ्या सळयांना काठ्यांची मोळी समजा. त्यांभोवतीची रिंग ही त्या मोळीची दोरी. धक्का बसतो तेव्हा कॉलम-बीमच्या सांध्याजवळ सर्वांत जास्त ताण येतो. तेथे रिंगा लांब लांब असतील तर मोळी सुटते. म्हणून १९९३ च्या आय.एस. १३९२० या मानकाने सांध्याजवळ दोन रिंगांमधील अंतर १०० मि.मी. पेक्षा जास्त नसावे, आणि रिंगेची टोके १३५ अंशांत आत वळवावीत, असे सांगितले. टोक नुसते काटकोनात वळवले तर वरचे काँक्रीट निघताच रिंग उघडते. या एका वाकणाला बिल्डरचा खर्च किरकोळ येतो, पण त्यावर जीव अवलंबून असतात.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने दुसरा धडा दिला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही इमारती पडल्या. त्यांतील अनेकांच्या तळाशी गाड्यांसाठी नुसते कॉलम होते आणि वरचे मजले भिंतींनी भरलेले होते. वरचा भाग ताठ व खालचा लवचीक राहिल्याने सारा ताण खालच्या कॉलमवर आला. त्यानंतर २००२ च्या मानकात अशा मजल्याचे कॉलम व बीम अडीचपट जोर धरून आखावेत किंवा तेथे काँक्रीटच्या ताणरोधक भिंती घालाव्यात, अशी तरतूद आली.

तिसरी बाब गंजाची. १९७८ च्या मानकात आर.सी.सी. साठी एम-१५ प्रतीचे काँक्रीट चालत असे. २००० च्या आवृत्तीने किमान एम-२० केले आणि समुद्राच्या हवेत उघड्या पडणाऱ्या भागासाठी एम-३० व सळईवर ४५ मि.मी. जाडीचे आवरण सांगितले. खारी हवा आत शिरली की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. जुन्या इमारतींत गच्चीचे पोपडे पडतात ते याच कारणाने.

आगीबाबतही तसेच आहे. उंच इमारतीत पुरेशा रुंदीचे जिने, पाण्याची टाकी व पंप, तसेच अडकलेल्यांनी थांबण्याची मोकळी जागा असावी लागते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो.

माझा स्वतःचा अनुभव

हे सारे मला फार उशिरा कळले. २००६ साली वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून आम्ही एका उपनगरात फ्लॅट घेतला. बिल्डर म्हणाला, "ओ.सी. दोन महिन्यांत येतेच आहे, तुम्ही सामान आणा." आम्ही आणले. मंजूर नकाशापेक्षा एक मजला अधिक चढवल्यामुळे तो भोगवटा दाखला आजतागायत आलेला नाही. नळाचे पाणी पुरत नाही म्हणून टँकर मागवावा लागतो. २०१४ साली बहिणीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवू गेलो, तेव्हा ज्या बँकेत मी काम करतो तिनेच अर्ज परत केला. तो अर्ज माझ्याच शेजारच्या टेबलावरून परत आला. सहकाऱ्याचे काही चुकले नाही. नियम बरोबरच होता. वडील त्या दिवशी एवढेच म्हणाले, "कागद वाचता येणारा घरात तू एकटाच होतास." ते वाक्य आजही जिव्हारी लागते.

वास्तविक भोगवटा दाखल्याशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये व ग्राहकाने घेऊ नये, असे १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका कायद्यातही होते. आम्ही विचारलेच नाही.

आजच्या ग्राहकाला कायद्याचा आधार

स्थावर संपदा कायदा, २०१६ मुळे ग्राहकाची बाजू बळकट झाली आहे. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची मंजुरी व नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन व बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत सांगाड्यात वा कामाच्या दर्जात दोष आढळून तो बिल्डरच्या नजरेस आणून दिल्यास, ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. भेगा व गळती यांचे फोटो तारखेसह ठेवावेत आणि तक्रार लेखी करावी.

घर घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) मंजूर नकाशा व प्रत्यक्ष मजले यांचा मेळ बसतो काय?
२) बांधकाम प्रारंभ दाखला व भोगवटा दाखला कोणत्या तारखेचे आहेत?
३) माती परीक्षण झाले काय? संरचना अभियंत्याने स्थैर्य प्रमाणपत्र दिले आहे काय?
४) किंमत चटई क्षेत्रावर आहे की 'सुपर बिल्ट-अप'वर?
५) तळमजला नुसत्या कॉलमवर असल्यास त्याचा विचार आराखड्यात कसा केला आहे?

शेवटच्या प्रश्नासाठी ओळखीच्या एखाद्या स्थापत्य अभियंत्याला सोबत न्यावे. आपल्या समाजात आता अभियंते कमी नाहीत. त्यांनी वर्षातून एक रविवार सभासदांसाठी दिला तर मोठे काम होईल.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. इमारत नवी आहे एवढ्यावरून ती संहितेप्रमाणे बांधली आहे असे ठरत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा येथे कोसळून सत्तरहून अधिक बळी घेणारी इमारत जुनी नव्हती. ती अनधिकृत होती आणि तिचे काम चालूच होते. तसेच संहितेप्रमाणे बांधलेल्या घरालाही मोठ्या भूकंपात तडे जाऊ शकतात. आतील माणसे जिवंत बाहेर यावीत, हा तिचा पहिला हेतू आहे.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीने फ्लॅट ठरवला. बिल्डरच्या कार्यालयात चहा येण्यापूर्वीच तिने विचारले, "ओ.सी. कुठे आहे?" त्याने फाइल पुढे केली. तिने तारीख व मजल्यांची संख्या दोनदा वाचली आणि मगच चहाचा कप उचलला. आपल्या प्रत्येक घरात असा कागद वाचणारा एक तरी जण तयार व्हावा, एवढीच अपेक्षा.