विश्लेषण : ऑफिसात मनातले बोलायचे, पण बोलल्यानंतर काय?

सकाळी नऊला मॅनेजरला मेसेज जातो, 'ताप आहे, आज येऊ शकत नाही.' प्रत्यक्षात अंगात ताप नसतो. रात्रभर झोप लागलेली नसते, छातीत धडधड सुरू असते आणि लॅपटॉप उघडायच्या विचारानेच हातपाय गार पडलेले असतात. पण तसे लिहिण्याची सोय बहुतेक कार्यालयांत नाही. भिंतीवर 'मनमोकळे बोला'चे पोस्टर मात्र असते. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तासाभराचे वेबिनारही होते.

कर्मचारी गप्प का बसतात?

लाजेमुळे, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे. अनेकदा त्यामागे साधा हिशेब असतो. आज सांगितले, तर पुढचा मोठा प्रोजेक्ट दुसऱ्याला जाईल का? अप्रेझलच्या वेळी 'याला प्रेशर झेपत नाही' असा शेरा बसेल का? एचआरला पाठवलेला ईमेल आणखी कोण वाचेल? बोलून काय फायदा होईल, ते माहीत नसते. तोटा काय होईल, ते मात्र डोळ्यांसमोर असते. कंत्राटी कर्मचाऱ्याला तर करार पुढे वाढेल का, हीच धास्ती. त्यामुळे या प्रश्नांची लेखी उत्तरे न देता 'बोला' म्हणणे म्हणजे जोखीम कर्मचाऱ्याच्या गळ्यात घालणे.

प्रश्न केवढा मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगभरात दर वर्षी कामाचे सुमारे १२ अब्ज दिवस वाया जातात. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण, विकारानुसार, ७० ते ९२ टक्के होते.

कायदा काय संरक्षण देतो?

वाटते त्यापेक्षा जास्त आणि हवे त्यापेक्षा कमी. 'मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७' मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. मात्र हे बंधन डॉक्टर आणि आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांवर आहे, शेजारच्या टेबलावरच्या टीम लीडवर नाही. म्हणून कंपनीने समुपदेशक नेमला असेल, तर त्याच्याकडून कंपनीला नेमके काय कळवले जाते, हे आधी विचारून घेतलेले बरे.

याच कायद्याचे कलम २१ विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा देण्यास सांगते. पण अनेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात. दर आठवड्याच्या समुपदेशनाची फी खिशातूनच जाते.

नोकरी जाण्याच्या भीतीबाबत 'दिव्यांग हक्क कायदा, २०१६' महत्त्वाचा. त्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये, त्याची पदावनती करू नये, असे कलम २० सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात याच दिशेने निकाल दिला. गैरवर्तनाच्या आरोपांवरून त्याची चौकशी सुरू होती. वर्तनामागे मानसिक दिव्यांगत्व हे एकमेव कारण असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी ते एक असले तरी पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले.

यात दोन अडचणी आहेत. कलम २० चे हे कवच सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी कंपन्यांना समान संधी धोरण जाहीर करावे लागते, पण ते धोरण किती कर्मचाऱ्यांनी उघडून पाहिले असेल? शिवाय कामाचा रोजचा ताण किंवा काही आठवड्यांची अस्वस्थता या व्याख्येत बसेलच असे नाही. म्हणजे त्रास वाढण्याआधी जो बोलू पाहतो, त्याच्याच पाठीशी कायदा सर्वात कमी उभा आहे.

मग मॅनेजरने काय करायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मॅनेजरांना प्रशिक्षण देण्याची शिफारस केली आहे. त्याने थेरपिस्ट व्हावे, असा त्याचा अर्थ नाही. 'तुला नेमके काय झालेय?' यापेक्षा 'या आठवड्यातले कुठले काम पुढे ढकलू?' हा प्रश्न अधिक कामाचा. पहिल्याचे उत्तर द्यायला आजाराचे नाव सांगावे लागते, दुसऱ्याचे द्यायला लागत नाही. त्याच सूचनांत कामाचे स्वरूप आणि परिस्थिती बदलण्यावरही भर आहे. शनिवारी योगाचा वर्ग आणि रविवारी रात्री क्लायंट कॉल, असे चालणार नाही.

ऑफिसात सांगायचेच नसेल तर?

केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येते. या फोनसाठी ना रजा टाकावी लागते, ना मॅनेजरची मंजुरी घ्यावी लागते.