स्वयंसेवी सुट्टी

स्वयंसेवी सुट्टी म्हणजे सुट्टीचा काळ किंवा त्याचा काही भाग आपल्या नेहमीच्या वास्तव्यापासून दूर, मोबदला न घेता, लोकोपयोगी कामासाठी देण्याचा प्रकार होय. यासाठी ‘व्हॉलंटुरिझम’ हा इंग्रजीतून आलेला शब्दही वापरला जातो. महाराष्ट्रात श्रमदान शिबिर, श्रमसंस्कार छावणी, सेवा पथक, आरोग्य शिबिर अशा नावांनी हा प्रकार अनेक दशके परिचित आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील उमरगा परिसरात १९९३ च्या भूकंपानंतर बाहेरून आलेल्या मदतीचे अल्पकालीन व दीर्घकालीन असे दोन्ही प्रकार पाहायला मिळाले. अशा भेटीचे फलित स्वयंसेवकाच्या उत्साहापेक्षा यजमान गावाची गरज, कामाचा कालावधी आणि स्वयंसेवक परतल्यानंतरची व्यवस्था यांवर अधिक अवलंबून असते, हे त्या अनुभवातून स्पष्ट होते.

## स्वरूप व प्रकार

स्वयंसेवी सुट्टी ही सहल आणि सेवा यांच्या सीमेवर असते. सहलीत प्रवाशाची सोय केंद्रस्थानी असते, तर सेवेत ज्याच्यासाठी काम केले जाते त्याची गरज. कामाच्या स्वरूपावरून तिचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

* श्रमाधारित: समतल चर खणणे, बांधबंदिस्ती, गाळ काढणे, वृक्षलागवड, स्वच्छता.
* कौशल्याधारित: रुग्णतपासणी, शिक्षक-प्रशिक्षण, हिशेबलेखन, संगणकविषयक साहाय्य, अवजारे व यंत्रांची दुरुस्ती.
* आपत्कालीन: भूकंप, पूर, दुष्काळ अशा प्रसंगी बचाव, मदतवाटप व पुनर्वसन.

## इतिहास

### जागतिक

आधुनिक आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांचा आरंभ पहिल्या महायुद्धानंतर झाला. स्विस शांततावादी पिएर सेरेझोल यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दंजवळ युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एस्न या गावी वेगवेगळ्या देशांतील स्वयंसेवक पुनर्बांधणीसाठी एकत्र आले. कालपर्यंत एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतील तरुणांनी एकत्र राहून काम करावे, ही त्यामागील कल्पना होती. यातून पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना आकाराला आली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल व त्यांचे सहकारी पुनर्बांधणीच्या कामासाठी भारतात आले होते.

### महाराष्ट्र

महाराष्ट्रात सामुदायिक श्रमाला संतपरंपरा आणि राष्ट्रीय चळवळ या दोन्हींचे अधिष्ठान लाभले. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि स्वच्छतेला लोकशिक्षणाचे रूप दिले. उमरगा परिसर कर्नाटकच्या सीमेला लागून असल्याने तेथे शरण परंपरेतील ‘कायक’ म्हणजे श्रमनिष्ठा आणि ‘दासोह’ म्हणजे मिळवलेल्यातून समाजाला देणे या संकल्पनाही रुजलेल्या आहेत. बाराव्या शतकात बसवण्णांची कर्मभूमी असलेले बसवकल्याण येथून फार दूर नाही.

१९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने तरुणांच्या सेवा पथकांची परंपरा निर्माण केली. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रमसंस्कार छावणी सुरू केली. उन्हाळी सुट्टीत राज्यभरातील तरुण तेथे एकत्र येऊन सकाळी श्रमदान आणि दुपारनंतर विचारमंथन असा दिनक्रम पाळतात. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या निवासी विशेष शिबिरामुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना खेड्यात राहून काम करण्याची संधी मिळू लागली. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनिमित्त शहरांतील अनेक ‘जलमित्र’ सुट्टीच्या दिवशी दुष्काळी गावांत श्रमदानासाठी गेले.

## उमरगा परिसराचा अनुभव

### भूकंप आणि पहिली मदत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासचा प्रदेश सुमारे ६.२ क्षमतेच्या भूकंपाने हादरला. आदल्या दिवशीचे गणेश विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांना सर्वाधिक झळ बसली व सुमारे ८,००० लोक मृत्युमुखी पडले. सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील गावे उद्ध्वस्त झाली. यांपैकी काही भाग आज नव्याने निर्माण झालेल्या लोहारा तालुक्यात आहे.

जीवितहानीचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. जाड दगडी भिंती चिखलाने रचलेल्या होत्या आणि त्यांवर मातीचे जड माळवद होते. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. त्यामुळे हादऱ्यासरशी भिंती फुटून झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

भूकंपाचे वृत्त पसरताच राज्याच्या कानाकोपऱ्यांतून डॉक्टर, विद्यार्थी, संघटनांचे कार्यकर्ते आणि सामान्य नागरिक या भागात दाखल झाले. ढिगारे उपसणे, जखमींना हलवणे, मृतांवर अंत्यसंस्कार करणे आणि अन्न पोहोचवणे या कामांत त्यांची मोठी मदत झाली. त्याचबरोबर केवळ पाहण्यासाठी येणाऱ्यांचीही रीघ लागली आणि अरुंद रस्त्यांवर बचावकार्याला अडथळा झाला. पावसाने अडचणींत भर घातली.

### टिकून राहिलेले काम

पहिल्या काही आठवड्यांनंतर आपत्तिग्रस्त भागातील गर्दी ओसरते, पण गरजा संपत नाहीत. या परिसरात आजही ज्यांचा ठसा दिसतो ती कामे प्रामुख्याने तेथे थांबलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येत राहिलेल्या लोकांची आहेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने मदतकार्यानंतर हराळी येथे केंद्र उभारले आणि निवासी शाळा व शेतीशी निगडित शिक्षण यांद्वारे ते स्थिरावले. भूकंपात निराधार झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ चालवले. सास्तूरचे ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय शासन व स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्यातून चालते. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातीलच स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षण दिले. बाहेरचा डॉक्टर परतला तरी प्राथमिक उपचाराचे ज्ञान गावात राहावे, हा त्यामागील हेतू होता.

### मदत घेणाऱ्यांची मदत

शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर करण्यात आले. अन्य गावांतील असंख्य घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करायची होती. या कामात लोकसहभाग वाढवण्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या माध्यमातून गावोगावी महिला ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. अनुदानाचे नियम समजावणे, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवणे, भिंतीत आरपार बंध घातले आहेत का हे पाहणे, अशी कामे त्यांनी केली.

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागातील काही स्त्रिया तेथील गावांत गेल्या. त्या पैसा किंवा कपडे घेऊन गेल्या नव्हत्या. घर पडल्यानंतर पुढे काय करावे लागते, याची स्वतःच्या अनुभवातून आलेली माहिती त्यांच्यापाशी होती. अल्पकालीन भेटही उपयुक्त ठरू शकते, मात्र त्यासाठी यजमानाला नेमके हवे असलेले काही पाहुण्यापाशी असावे लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

## नियोजन

### गरजेची विचारणा

नियोजनाचा आरंभ ठिकाण निवडण्यापासून न होता कोणाला, कोणते आणि किती काम हवे आहे या प्रश्नापासून होणे इष्ट असते. ग्रामपंचायत, शाळा, महिला बचत गट किंवा त्या भागात सातत्याने काम करणारी संस्था यांच्याशी पूर्वसंपर्क आवश्यक ठरतो. ‘आम्ही काय करू?’ या प्रश्नाला ‘काहीही करा’ असे उत्तर आल्यास त्या ठिकाणी कामाची आखणी झालेली नाही, असे समजता येते. आपत्तीच्या प्रसंगी मागणी नसलेले जुने कपडे किंवा साहित्य पाठवल्यास ते निवडण्यात व साठवण्यात मनुष्यबळ खर्च होते.

### कालावधी व हंगाम

सात दिवसांच्या भेटीत दोन दिवस प्रवासात आणि एक दिवस परिचय व पूर्वतयारीत गेल्यास प्रत्यक्ष कामाचे चारच दिवस उरतात. त्यामुळे चार दिवसांत पूर्ण होऊ शकेल असे काम निवडणे, अथवा आधीपासून चालू असलेल्या कामात ठरलेला वाटा उचलणे योग्य ठरते. मोठ्या कामाचा अर्धवट आरंभ गावासाठी ओझे होऊ शकतो. उदाहरणार्थ, अर्धवट खोदलेला चर पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो.

मराठवाड्यात मातीकामासाठी उन्हाळा सोयीचा असतो, कारण पाऊस पडल्यावर काळ्या मातीत खोदकाम जवळपास अशक्य होते. मात्र मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जात असल्याने श्रमदान पहाटे सुरू करून दहाच्या सुमारास थांबवावे लागते. दगड उचलताना साप-विंचवाचा धोका असतो. बंद बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, पुरेसे पाणी आणि जवळच्या आरोग्य केंद्राची माहिती ही किमान तयारी मानली जाते. पेरणी व काढणीच्या दिवसांत ग्रामस्थांना पाहुण्यांसाठी वेळ नसतो. ऊसतोडीच्या हंगामात अनेक मजूर कुटुंबे गावाबाहेर असतात.

### कौशल्य आणि मजुरी

स्वयंसेवकाला जे काम येते तेच त्याने करणे हितावह असते. भूकंपप्रवण भागात अननुभवी हातांनी भिंत बांधणे हे केवळ कामाच्या दर्जाचे नव्हे, तर जीविताचे प्रश्न निर्माण करू शकते. अशा ठिकाणी बांधकाम प्रशिक्षित गवंड्याकडे सोपवून स्वयंसेवकांनी साहित्य वाहून देणे किंवा नोंदी ठेवणे अधिक सुरक्षित असते.

ज्या कामावर स्थानिक मजुराला रोजगार मिळू शकतो ते काम फुकट करून दिल्यास त्याची मजुरी बुडते. महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी योजनेला वैधानिक आधार दिला, तो दुष्काळी भागातील मजुरांच्या याच गरजेतून. म्हणून श्रमदानासाठी काम निवडताना ते रोजगार हमीच्या आराखड्यात आहे का, याची ग्रामपंचायतीकडे चौकशी करणे आवश्यक असते.

### खर्च, प्रवास व निवास

प्रवास, भोजन, निवास व विमा यांचा खर्च स्वयंसेवकाने स्वतः करणे हा सर्वसाधारण संकेत आहे. यजमान गावाने आग्रहाने जेवू घातले तरी त्याचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर पडतो. त्यामुळे शिधा सोबत नेणे किंवा बचत गटाकडून मोबदला देऊन स्वयंपाक करून घेणे श्रेयस्कर ठरते. पाणीटंचाईच्या गावात आंघोळ व धुण्याच्या पाण्याचीही आगाऊ सोय करावी लागते. संस्था शुल्क घेत असल्यास त्यातील किती भाग गावापर्यंत पोहोचतो, हे विचारणे स्वयंसेवकाचा अधिकार आहे.

उमरगा हे शहर पुणे–सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर असून तेथे एसटीचे आगार आहे. शहरात रेल्वे नसल्याने सोलापूर किंवा लातूर स्थानकावर उतरून रस्त्याने जावे लागते. व्यवहारात मराठीबरोबर कन्नड आणि दखनी उर्दूही कानी पडते. कामातून मोकळीक मिळाल्यास उमरग्याचे प्राचीन महादेव मंदिर, नळदुर्गचा किल्ला व तुळजापूरचे तुळजाभवानी मंदिर पाहता येते.

### बालकांची सुरक्षितता

बालगृह किंवा वसतिगृहात अल्पकाळ काम करण्याबाबत विशेष दक्षता घेतली जाते. दर आठवड्याला नवा ‘दादा’ किंवा ‘ताई’ येऊन लळा लावून निघून जाण्याने आधीच माणसे गमावलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा वियोग सोसावा लागतो. त्यामुळे अशा ठिकाणी मुलांमध्ये थेट काम करण्याऐवजी कर्मचाऱ्यांना साहाय्य करणे किंवा दीर्घकाळ नियमित भेट देणे श्रेयस्कर मानले जाते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे. त्यामुळे अशा मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करणे टाळले पाहिजे.

## टीका

स्वयंसेवी सुट्टीवरील प्रमुख आक्षेप असा की तिच्यात गरिबी हे प्रेक्षणीय स्थळ बनते आणि खरा लाभ यजमानापेक्षा पाहुण्याच्या समाधानाला किंवा प्रमाणपत्राला होतो. काही देशांत पर्यटकांच्या देणग्यांसाठी पालक असलेल्या मुलांनाही अनाथालयांत ठेवले जात असल्याचे उघड झाल्यानंतर ‘अनाथालय पर्यटना’विरुद्ध जनमत तयार झाले, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने या प्रकाराची आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात दखल घेतली.

समर्थकांच्या मते, सात दिवसांच्या शिबिरातून गावाचा प्रश्न सुटत नसला तरी शहरी तरुणाला तो प्रश्न प्रथमच जवळून दिसतो आणि त्यातूनच पुढे पूर्णवेळ कार्यकर्ते घडतात. मात्र हा लाभ स्वयंसेवकाचा आहे, गावाचा नव्हे, हे मान्य करूनच त्याची मांडणी करावी लागते.

## मूल्यमापन

भेटीचे यश काम केलेल्या तासांवरून किंवा सहभागींच्या संख्येवरून मोजण्याची पद्धत रूढ आहे; पण त्यातून गावाला काय मिळाले हे कळत नाही. पावसाळ्यानंतर चरात पाणी मुरले का, लावलेल्या रोपांपैकी उन्हाळ्यानंतर किती जगली, शिकवलेली नोंदवही गटातील स्त्रिया स्वतः लिहू लागल्या का, असे प्रश्न अधिक उपयुक्त असतात. त्यांची उत्तरे काही महिन्यांनी पुन्हा संपर्क साधल्यासच मिळतात. त्यामुळे परतीची भेट, किंवा निदान पाठपुराव्याची निश्चित तारीख, ही मूळ नियोजनातच समाविष्ट करणे आवश्यक असते.

## हे सुद्धा पहा

* श्रमदान
* राष्ट्रीय सेवा योजना
* १९९३ लातूर भूकंप
* उमरगा
* रोजगार हमी योजना