तट्टू, निराश्रित व रुग्ण : खांद्याजवळची उंची साधारणपणे १४८ सेंमी.पेक्षा कमी असलेल्या घोड्यास तट्टू म्हणतात. अमेरिकेत नोंदला जाणारा लघु अश्व याहूनही ठेंगणा, सु. ८६ सेंमी.पर्यंत असतो. तो खानदेशातील मूळचा नव्हे. येथे टांगा, ओझी व वरात यांसाठी साधी तट्टेच पाळली गेली. अमळनेरच्या वायव्येस तापीकाठी सारंगखेडा (जि. नंदुरबार) येथे दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लंगडे वा म्हातारे झालेले जनावर मात्र पुष्कळदा सोडून दिले जाते आणि पांजरपोळात किंवा एखाद्या गोठ्यात येते. दोहोंची शुश्रूषा बव्हंशी सारखीच असते.

अशा जनावराला बहुधा अज्ञानयुक्त दयेचाच अधिक धोका असतो. उपासमार झालेल्या तट्टापुढे एकदम ज्वारी, बाजरी वा पेंड ठेवल्यास रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घटते व काही दिवसांतच मृत्यू ओढवू शकतो. म्हणून आरंभी लसूणघासाचा वाळलेला चारा थोडाथोडा, दिवसातून अनेकदा द्यावा; दाणा नंतर. उलट, लठ्ठ तट्टाचा आहार अचानक तोडणेही घातक. शरीरातील चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होते. लहान चणीच्या घोड्यांत व गाढवांत हा विकार विशेष आढळतो. त्यामुळे एक दिवस चारा न खाणे हेदेखील पशुवैद्यास बोलावण्यास पुरेसे कारण होय. ज्वारीचा हिरवा चारा टाळावा. त्याने मूत्राशयदाह व मागील पायांचा लुळेपणा येतो. मोनेन्सिनयुक्त कोंबडीखाद्य तर थोडेही प्राणघातक ठरते.

लठ्ठपणा व अतिरिक्त दाणा यांमुळे खुराच्या आतील स्तरांचा दाह होतो. असे तट्टू पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभे राहते. त्यास चालवू नये. जमीन मऊ ठेवावी. वाढलेले खूर ६ ते ८ आठवड्यांनी तासावे लागतात, पण फार वाढलेले एकाच वेळी नव्हे. लघु अश्वाच्या आखूड जबड्यात दातांची संख्या पूर्णच असल्याने ते दाटीने उगवतात. चघळलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून पडणे ही त्याची खूण. औषधाची मात्रा अंदाजाने न देता वजनावरून ठरवावी. मोठ्या घोड्याचे वेदनाशामक त्याच मात्रेत दिल्यास जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडासही इजा होते.

नवे जनावर प्रथम वेगळे बांधावे. नाकातून चिकट स्राव व कातडीवर गाठी दिसल्यास ग्लँडर्सचा संशय घ्यावा. हा रोग माणसालाही होतो. रक्तपरीक्षेत तो निश्चित झाल्यास उपचार न करता जनावर नष्ट करावे लागते.