ऑफिसचे कपडे आणि तब्येत: नाडीपासून टाचेपर्यंत

ऑफिसला जाताना काय घालावं, याचा विचार करताना आपण रंग, मॅचिंग आणि ‘प्रोफेशनल’ दिसणं पाहतो. पण हे कपडे अंगावर रोज नऊ-दहा तास असतात आणि पुण्यात त्यात दुचाकीचा प्रवासही धरावा लागतो. हिंजवडी, खराडीच्या आयटी कंपनीत असा, बँकेत असा किंवा शाळेत शिक्षिका असा. कपड्यांमुळे होणाऱ्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. बहुतेक किरकोळ असतात, पण एक-दोन गोष्टींकडे दुर्लक्ष परवडत नाही.

कमरेवरचा काळा पट्टा

वर्षानुवर्षं साडी नेसणाऱ्या अनेक स्त्रियांच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळपट पट्टा असतो. तो मळ नसतो. रोजचं घर्षण, दाब आणि त्याखाली साचणारा घाम यामुळे तिथली त्वचा काळी, जाड किंवा खरखरीत होते, खाजते. काहींची त्वचा उलट पांढरी पडते. ज्यांना कोड आहे, त्यांना अशा घासल्या जाणाऱ्या जागी नवे डाग येऊ शकतात.

बहुतेक वेळा हे इथेच थांबतं. पण त्या जागी जखम झाली आणि ती भरण्याआधी रोज पुन्हा नाडी आवळली गेली, तर ती चिघळत राहते. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या अशा जखमेत क्वचित त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. धोतर नेसणाऱ्या पुरुषांच्या कमरेवरच्या अशा कॅन्सरची नोंद डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच केली होती. त्याला ‘धोती कॅन्सर’ हे नाव पडलं. पुढे साडीच्या बाबतीतही तेच आढळलं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघींचं वय सत्तरीच्या आसपास होतं. एकीची जखम दीड वर्षं भरत नव्हती. दुसरी अनेक वर्षं परकराशिवाय लुगडं कमरेला घट्ट बांधून नेसत होती आणि तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता.

हा आजार फार दुर्मीळ आहे, त्यामुळे साडी सोडण्याची गरज नाही. बदलायची आहे ती नाडी:

- बारीक दोरीऐवजी रुंद पट्ट्याचा किंवा मऊ इलॅस्टिकचा परकर वापरा.
- बांधल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत.
- नाडी रोज त्याच जागी नको, थोडी वर-खाली बांधा.
- घरी आल्यावर सैल कपडे घाला. कंबर धुऊन कोरडी करा.
- जखम असेल तर ती भरेपर्यंत तिथे नाडी, इलॅस्टिक किंवा पट्टा नको.

घट्ट जीन्स, शेपवेअर आणि मांडीची आग

मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिर वाटतं किंवा आग होते, पण पायातली ताकद कमी झालेली नाही, अशी तक्रार घेऊन रुग्ण येतात. ‘मणक्याची नस दबली असेल’ ही भीती असते. पुष्कळदा दबलेली असते ती जांघेजवळून मांडीच्या त्वचेकडे जाणारी नस. घट्ट जीन्स, बेल्ट किंवा शेपवेअर घालून बराच वेळ बसल्यावर ती दाबली जाते. वाढलेलं वजन, गरोदरपण आणि मधुमेह यांत हे अधिक दिसतं. कपडे सैल केल्यावर बहुतेकींना काही आठवड्यांत आराम पडतो. मात्र पायातली शक्ती कमी वाटली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर लगेच डॉक्टरकडे जा.

पोट आवळणाऱ्या कपड्यांनी पोटातला दाब वाढतो, त्यामुळे जेवणानंतर छातीत जळजळ होऊ शकते. अ‍ॅसिडिटीच्या गोळीआधी कमरेचा पट्टा सैल करून पाहा.

घाम, गजकर्ण आणि मलमं

सिंथेटिक लेगिंग्ज आणि ट्राउझर्समध्ये घाम सुकत नाही. मग जांघेत, कमरेवर, स्तनांखाली गोल, खाजरे चट्टे उठतात. लाजेमुळे दाखवलं जात नाही आणि मेडिकलमधून मलम आणलं जातं. अशा मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. पुढे चट्टे मोठे होतात आणि उपचार लांबतात.

सुती आतले कपडे घाला, ते रोज बदला, उन्हात उलटे करून वाळवा. टॉवेल वेगळा ठेवा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या. चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा.

वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न: घट्ट, काळ्या किंवा तारेच्या ब्रामुळे स्तनाचा कॅन्सर होतो का? नाही, तसा पुरावा नाही. चुकीच्या मापामुळे खांद्यावर वळ उठतात आणि स्तनांखाली पुरळ येतं, एवढं खरं.

चप्पल, बूट आणि पावसाळा

उंच टाचेमुळे शरीराचा भार पावलाच्या पुढच्या भागावर येतो. रोज घातल्यास पोटऱ्या आखडतात, अंगठ्याचा सांधा बाहेर येतो, गुडघे आणि कंबर दुखते. दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच रोजच्या वापराला पुरे. मीटिंगसाठी उंच टाच हवीच असेल तर ती ऑफिसात ठेवा. अगदी सपाट, पातळ तळव्याची चप्पलही टाचदुखीला कारण ठरते.

पावसाळ्यात ओल्या बुटांत दिवस काढला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ऑफिसात जास्तीचे मोजे किंवा कोरडी चप्पल ठेवा. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहा, कारण बूट लागलेला कळतोच असं नाही.

दुचाकीवर निघताना

ओढणी किंवा पदर चाकात अडकला तर गळ्याला फास बसू शकतो, हाड मोडू शकतं. ओढणी गळ्याभोवती गुंडाळू नका. बॅगेत ठेवा किंवा जॅकेटच्या आत घ्या. मागे बसणारीचा पदर खोचलेला आहे ना आणि गाडीला साडी गार्ड आहे ना, हे चालवणाऱ्यानेही पाहावं. स्कार्फच्या जाड घड्यांवर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून पातळ सुती स्कार्फ बांधा आणि हेल्मेटचा पट्टा लावा.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

- कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही
- जखमेच्या कडा जाड झाल्या, रक्त येतं, वास येतो किंवा ती वाढते आहे
- जांघेत गाठ लागते
- खाजरे चट्टे मलम थांबवताच परत येतात
- मांडीचा बधिरपणा सैल कपड्यांनंतरही राहतो

न भरणाऱ्या जखमेचा छोटा तुकडा, ती जागा बधिर करून, तपासायला काढतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो हा गैरसमज आहे. कॅन्सर लवकर कळला तर अनेकदा तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढून रुग्ण बरा होतो.

घरच्यांसाठी एक विनंती. आई, सासूबाई, आजी किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशी कमरेची जखम स्वतःहून दाखवत नाहीत. त्यांना विचारा. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टरकडे घेऊन जा. आज रात्री कपडे बदलताना स्वतःची कंबरही एकदा आरशात पाहा, मागची बाजूसुद्धा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या तक्रारीसाठी प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.