समुद्राचे भांडार

तुम्ही कधी मासळीबाजारात गेला असाल. पापलेट, बांगडे, बोंबील, कोळंबी यांनी भरलेल्या पाट्या पाहिल्या असतील. ही मासळी कोणी पेरत नाही, तिला कोणी खतपाणी घालत नाही. म्हणून समुद्राचे हे भांडार कधीच संपणार नाही, असे माणसाला फार काळ वाटत होते. हा समज किती चुकीचा होता, हे कॅनडा देशाच्या किनाऱ्यावर दिसून आले.

कॅनडाच्या पूर्वेस अटलांटिक महासागरात न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तेथील उथळ समुद्रात कॉड नावाचा मासा विपुल होता. इ. स. १४९७ मध्ये जॉन कॅबट हा दर्यावर्दी त्या बाजूला जाऊन आला. तेथे टोपली पाण्यात सोडली तरी मासे मिळतात, अशी बातमी त्यानंतर युरोपात पसरली. पुढे सुमारे ४५० वर्षे लोक तेथे कॉड पकडत राहिले, तरी मासळी संपली नाही.

१९५० नंतर मात्र तेथे मोठमोठे ट्रॉलर येऊ लागले. ट्रॉलर म्हणजे जाळे ओढत नेणारी यांत्रिक नौका. हे जाळे मोठ्या पिशवीसारखे असते. त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात. नौका चालू लागली, की पाण्याच्या जोराने फळ्या एकमेकींपासून दूर जातात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. तळावरून ओढले जाणारे हे जाळे वाटेत येईल ते गोळा करते. हव्या असलेल्या माशांबरोबर लहान पिल्ले, खेकडे, शिंपले असे सारे त्यात सापडते. नको असलेले जीव परत पाण्यात टाकले, तरी त्यांतले बरेचसे तोवर मेलेले असतात. शिवाय तळावरचे स्पंज आणि प्रवाळ मोडतात. त्यामुळे पिल्लांचा निवाराच नाहीसा होतो.

न्यूफाउंडलंडजवळ आलेले मोठे ट्रॉलर म्हणजे तरंगते कारखानेच होते. मासे पकडणे, कापणे, गोठवणे ही सारी कामे जहाजावरच होत. अंडी घालण्यासाठी कॉड जेथे जमतात, तेथेही जाळी पडू लागली. १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला. त्यानंतर मात्र मासळी झपाट्याने घटली. १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा हक्क आपल्याकडे घेतला. परदेशी ट्रॉलर दूर झाले, पण कॅनडाचे स्वतःचे ट्रॉलर वाढले. मासे कमी आणि लहान मिळू लागले आहेत, असे किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगत होते. त्यांचे म्हणणे वेळीच मानले गेले नाही.

अखेर २ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. बंदी २ वर्षांसाठी होती. पण ती उठायला २०२४ साल उजाडले. तेव्हाही वर्षाला फक्त १८,००० टन कॉड पकडण्याची परवानगी मिळाली. मासे पकडणे थांबवले, की ते लगेच परत येतात, असे नाही.

आपल्या कोकण किनाऱ्यावरही ट्रॉलर चालतात. म्हणून हा धडा आपल्यालाही लागू पडतो. सागरी मासेमारीवर नियंत्रण ठेवण्यासाठी महाराष्ट्रात १९८१ मध्ये कायदा झाला. जून-जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण या काळात पुष्कळ मासे अंडी घालतात. तेव्हा कोळी, दालदी, गाबीत बांधवांच्या नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसतात. हातातला रोजगार थांबवणे सोपे नसते. परंतु आज समुद्रात राहिलेली मासळीच उद्याचे बियाणे असते.

पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्याची लहान पिल्ले बाजारात विकायला आलेली दिसली, तर ती घेऊ नका आणि त्याचे कारण घरच्यांनाही सांगा.