कयाक मासा धरत नाही, आमिष पोचवते

दिल्लीला समुद्राची मासळी भेटते ती गाझीपूरच्या घाऊक बाजारात, बर्फात. तरीही नोएडा-गुरुग्रामच्या हौशी मंडळींना फ्लोरिडा-टेक्सासचे व्हिडिओ भुरळ घालतात: कयाक, जिवंत आमिष आणि किनाऱ्यावर ओढून आणलेला माणसाएवढा मासा. निजामुद्दीनहून कोकण रेल्वेची गाडी धरण्याआधी काही समज तपासून घ्यायला हवेत.

मासा कयाकवर बसूनच धरतात, हा पहिला समज. त्या व्हिडिओंतल्या पद्धतीत कयाकचं काम फक्त आमिष पोचवण्याचं. जिवंत मासा गळाला लावून लांब भिरकावला की तो निसटतो किंवा मरतो. म्हणून तो लाटा फुटतात त्या पट्ट्यापलीकडे नेऊन सोडायचा, परत यायचं आणि झुंज वाळूत पाय रोवून द्यायची.

मोठा मासा खोल समुद्रातच असतो, हेही खरं नाही. कोकणात जिताडा आणि तांबोशी खाडीच्या मुखाशी, खडकांच्या आणि कांदळवनाच्या कडेला शिकार करतात. भरतीबरोबर बोय माशांचे थवे आत शिरतात, त्यांच्यामागे जिताडा येतो. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून धरलेली वीतभर बोय हे त्याचं आवडतं खाणं. गळ तिच्या पाठीवरच्या पराजवळ, कण्याला न लागता, वरवर ओवायचा. कणा दुखावला तर बोय पोहत नाही, आणि सगळी मदार तर तिच्या पोहण्यावर असते. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, वापरत असाल तर मासा लागल्यावर झटका देऊ नका. दोरी संथपणे ताणत न्या, म्हणजे हुक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

सगळ्यात धोक्याचा समज म्हणजे, गंगेत महाशीर गरवणाऱ्याला समुद्र जड नाही. नदी एकाच दिशेला वाहते, खाडी दिवसातून चार वेळा दिशा बदलते. मुंबईच्या आसपास उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. तेवढं पाणी सुमारे सहा तासांत खाडीच्या तोंडातून बाहेर पडतं, तेव्हा एकट्याच्या वल्ह्याचं काही चालत नाही. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस त्या मानाने सौम्य. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असली, तरी त्या दिवसांतला समुद्र कयाकचा नव्हेच. जीवरक्षक जाकीट घाला आणि गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

आणि गळाला लागला तो आपला, असंही नाही. करवतमासा, काही जातींच्या मुशी आणि पाकटं यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. असा मासा लागला तर तो लगेच सोडायचा. जिताड्याची गोष्ट वेगळी आहे. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठा जिताडा ही बहुधा अंडी घालणारी मादी असते. तिला पाण्यातच ठेवून गळ काढा आणि सोडा. फोटो हवा असेल तर तोही ती पाण्यात असतानाच घ्या.